रंग उडाला म्हणजे औषध सापडलं नाही

डीपीपीएच नावाची एक पूड असते, जवळजवळ काळी दिसणारी. मेथॅनॉलमध्ये विरघळवली की गडद जांभळं द्रावण तयार होतं. त्यात एखाद्या औषधी वनस्पतीचा अर्क थोडासा टाकायचा, नळी हलवायची आणि अर्धा तास अंधारात ठेवून द्यायची. बाहेर काढली की जांभळा रंग फिका पडलेला असतो, कधी पार पिवळा झालेला असतो. मग ते द्रावण क्युव्हेटमध्ये भरून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवायचं, ५१७ नॅनोमीटरवर अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला ते) वाचायचा, अर्क न घातलेल्या कंट्रोलशी ताडून बघायचा आणि टक्केवारी काढायची. एका दुपारीत बरेच अर्क तपासून होतात. वनस्पतींच्या अर्कातले नैसर्गिक अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकल नावाच्या उतावळ्या रेणूंना शांत करणारे घटक, मोजण्यासाठी जगभर ज्या चार-पाच पद्धती रुळल्या आहेत, त्यांतली ही सगळ्यांत सोपी.

या मोजणीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते मोजणीनंतर लिहिल्या जाणाऱ्या वाक्याशी. ‘या अर्कात फ्री रॅडिकल निष्प्रभ करण्याची लक्षणीय क्षमता आढळली’ इथपर्यंत सगळं ठीक असतं. पण त्याच परिच्छेदात पुढे येतं, ‘त्यामुळे ही वनस्पती कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि अकाली वार्धक्य यांवर उपयुक्त ठरू शकते.’ या दोन वाक्यांच्या मध्ये आख्खं मानवी शरीर आहे, आणि ते एका ‘त्यामुळे’त ओलांडलं जातं. प्रबंधातलं हे वाक्य बातमीत जातं, बातमीतून जाहिरातीत आणि जाहिरातीतून बाटलीवरच्या लेबलवर. प्रत्येक टप्प्यावर ‘ठरू शकते’मधलं ‘शकते’ थोडं थोडं झिजतं. शेवटी आजारी माणसाच्या हातात बाटली पडते, तेव्हा तिथे नुसतं ‘उपयुक्त’ उरलेलं असतं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. परीक्षानळीतल्या या आकड्याला आरोग्याचा पुरावा म्हणून कुठेही उभं करू नये. संशोधनपत्रिकांनी तसं लिहू देऊ नये, विद्यापीठांनी तेवढ्यावर पदवी देऊ नये, आणि लेबलचे नियम करणाऱ्यांनी तो आकडा आरोग्याच्या दाव्याशेजारी छापू देऊ नये. वनस्पतींमधल्या औषधी गुणांबद्दल मला आस्था आहे म्हणूनच हे म्हणतो आहे. या आकड्याने त्यांचा अभ्यास पुढे नेण्याऐवजी एका जागी खिळवून ठेवला आहे.

आधी आकडा काय सांगतो ते पाहू. डीपीपीएच १९२२ साली गोल्डश्मिट आणि रेन यांनी तयार केलं. अँटिऑक्सिडंट मोजायला ते वापरता येतं हे ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये दाखवलं. हा रेणू स्वतः एक फ्री रॅडिकल आहे, म्हणजे त्याच्यात एक एकटं, जोडी नसलेलं इलेक्ट्रॉन आहे. पण तो इतका स्थिर आहे की बाटलीत भरून कपाटात ठेवता येतो. सोय आहे ती यामुळेच, आणि खोटही यातच आहे. शरीरात तयार होणारं हायड्रॉक्सिल रॅडिकल नॅनोसेकंदांत शेजारच्या कुठल्याही रेणूवर तुटून पडतं आणि संपतं. महिनोन्‌महिने कपाटात शांत बसणारं डीपीपीएचसारखं काहीही आपल्या रक्तात नसतं. शिवाय डीपीपीएच पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सगळी क्रिया मेथॅनॉल किंवा इथेनॉलमध्ये करावी लागते.

आता निकाल बहुतेक वेळा ज्या रूपात देतात ते ‘आयसी-५०’ घ्या. निम्मं डीपीपीएच निष्प्रभ करायला अर्क किती लागला, तो हा आकडा. कमी आकडा म्हणजे अर्क अधिक जोरदार. हा त्या वनस्पतीचा अंगभूत गुण आहे असं समजून दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवले जातात. पण अर्क बाजूला ठेवून शुद्ध क जीवनसत्त्वाचंच गणित करू. क जीवनसत्त्वाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो. द्रावणात डीपीपीएच लिटरला १०० मायक्रोमोल असेल तर एका मिलिलिटरमध्ये ते १०० नॅनोमोल असतं. त्यातलं निम्मं, म्हणजे ५० नॅनोमोल, संपवायला क जीवनसत्त्व २५ नॅनोमोल लागेल. वजनात हे सुमारे ४.४ मायक्रोग्रॅम. शेजारच्या प्रयोगशाळेत कुणी डीपीपीएच दुप्पट घेतलं, तर तिथला आकडा ८.८ येईल. पदार्थ तोच, शुद्धता तीच, आकडा दुप्पट. आता कल्पना करा की एका शोधनिबंधात डीपीपीएच ५० मायक्रोमोल घेतलं आहे, दुसऱ्यात २००, आणि तिसऱ्यात ‘प्रमाणित पद्धतीने’ एवढंच लिहिलं आहे. या तिघांच्या आकड्यांवरून कुठली वनस्पती श्रेष्ठ हे ठरवणं म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या गजांनी कापड मोजून कोणाचं जास्त भरलं यावर वाद घालणं आहे.

वेळेचंही तसंच. क जीवनसत्त्व डीपीपीएचशी पाहता पाहता क्रिया संपवतं. वनस्पतींमधली फिनॉल नावाची संयुगं असतात, त्यांतली काही रेंगाळतात, त्यांची क्रिया तासन्‌तास चालू राहते. तिसाव्या मिनिटाला रीडिंग घेतलं की असे मंद रेणू दुबळे ठरतात. डीपीपीएचच्या एकट्या इलेक्ट्रॉनभोवती मोठमोठ्या रिंगांची दाटी आहे; लहान रेणू तिथे सहज शिरतात, मोठ्यांना अडथळा होतो. अर्काला स्वतःचा रंग असेल, त्यात कॅरोटीनसारखी रंगद्रव्यं असतील, तर ती ५१७च्या आसपास प्रकाश शोषून रीडिंग बिघडवतात. त्यासाठी प्रत्येक मात्रेला नुसत्या अर्काचा वेगळा ब्लँक लावायला हवा. तो कित्येक ठिकाणी लावलाच जात नाही. अर्क किंचित गढूळ असला तरी हेच होतं.

मग एका पद्धतीवर विसंबू नये म्हणून दुसरी जोडतात. इथे जी चूक होते ती मला जास्त गंभीर वाटते, कारण ती पुराव्याचा आव आणते. ‘एकूण फिनॉल’ मोजायला फोलिन-सिओकॅल्टू अभिकर्मक वापरतात. १९२७ मध्ये तो प्रथिनांमधले टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजण्यासाठी पुढे आला. १९६५ मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी वाइनमधल्या फिनॉलसाठी त्याची पद्धत बसवली. पिवळा अभिकर्मक निळा होतो आणि ७६५ नॅनोमीटरला वाचला जातो. पण त्याला निळं करायला फिनॉलच लागतं असं नाही. क जीवनसत्त्व, काही साखरा, काही अमिनो आम्लं, जे कोणी इलेक्ट्रॉन देऊ शकेल ते त्याला निळं करतं. म्हणजे ‘एकूण फिनॉल’ या नावाखाली खरं तर एकूण इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता मोजली जाते. डीपीपीएचमध्येही मुख्यतः तेच मोजलं होतं. मग दोन्ही आकड्यांचा आलेख काढतात, सहसंबंध ०.९ च्या वर येतो, आणि निष्कर्ष लिहिला जातो की ‘अँटिऑक्सिडंट क्षमतेचं कारण फिनॉल आहेत.’ एकच गोष्ट दोन रंगांत मोजली, तर सहसंबंध येणारच. त्यातून कारण सिद्ध होत नाही.

फ्रॅप ही तिसरी लोकप्रिय पद्धत, १९९६ मध्ये बेन्झी आणि स्ट्रेन यांनी मांडलेली. अर्क फेरिक लोहाचं फेरस लोहात रूपांतर करतो, निळा रंग येतो, तो ५९३ नॅनोमीटरला वाचतात. ही क्रिया ३.६ पीएचला चालते. रक्ताचा पीएच ७.४ असतो. पेशीतल्या संरक्षणाचा मोठा भार वाहणारं ग्लुटाथायोन या चाचणीत जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे शरीर ज्याच्यावर खरोखर विसंबून आहे तो रेणू या परीक्षेत नापास होतो, ही परीक्षेबद्दलची माहिती आहे. आणखी एक गोष्ट. फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. फेंटन यांनी या जोडीची तीव्र ऑक्सिडीकरण क्षमता १८९४ मध्येच नोंदवली होती, म्हणून तिला फेंटन अभिक्रिया म्हणतात. तेव्हा मोकळं लोह आणि पेरॉक्साइड जिथे हजर असतील, तिथे फेरस लोह तयार करण्याची जी क्षमता फ्रॅपमध्ये गुण म्हणून मोजली, तीच नुकसान घडवू शकते. एकाच गुणधर्माला रासायनिक परिस्थितीनुसार आपण तारक म्हणू किंवा मारक. नळीतला आकडा ही परिस्थिती सांगत नाही.

आता नळीतून शरीरात येऊ. अर्क प्यायला. त्यातले पॉलिफेनॉल, म्हणजे अनेक फिनॉल गट असलेले रेणू, आतड्यात थोडेच शोषले जातात. जे शोषले जातात त्यांना आतड्याची भिंत आणि यकृत लगेच ग्लुक्युरोनिक आम्ल, सल्फेट, मिथिल गट चिकटवतं. उरलेल्यांना मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडून त्यांचे दुसरेच रेणू करतात. क्वेरसेटिन नावाचं पॉलिफेनॉल घेतलं तरी रक्तात फिरतं ते मुख्यतः त्याचं हे बदललेलं रूप. नळीत इलेक्ट्रॉन देणारे जे हायड्रॉक्सिल गट मोजले होते, त्यांच्यातलेच काही आता झाकलेले असतात. रक्तातलं त्यांचं प्रमाणही सहसा लिटरला काही मायक्रोमोलच्या आत, बऱ्याचदा एकाहूनही कमी, आणि तेही काही तासांपुरतं. त्याच रक्तात युरिक आम्ल साधारण २०० ते ४०० मायक्रोमोल असतं, तेही उत्तम अँटिऑक्सिडंट आहे, आणि कोणत्याही अर्काविना तिथे हजर असतं. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते असं दिसलं, तेव्हा लोटिटो आणि फ्राय यांनी खोलात जाऊन पाहिलं. ती वाढ फ्लेव्होनॉइड या पॉलिफेनॉलच्या गटामुळे नव्हती. फळातल्या फ्रुक्टोजमुळे युरिक आम्ल वाढलं होतं, म्हणून आकडा वर गेला होता.

हायड्रॉक्सिल रॅडिकल शोषून घेण्याचा दावा तर मुळातच टिकत नाही. ते समोर येईल त्या रेणूशी जवळपास सारख्याच वेगाने क्रिया करतं, त्यामुळे त्याला गाठायचं तर सगळीकडे प्रचंड संख्येने हजर असावं लागतं. रक्तात ग्लुकोज लिटरला सुमारे ५ मिलिमोल असतं, म्हणजे ५००० मायक्रोमोल. एखादा पॉलिफेनॉल १ मायक्रोमोल असेल तर हायड्रॉक्सिल आधी कोणाला भिडेल हे सांगायला नको. शरीर या संकटाशी वेगळ्या रीतीने लढतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स आधीच्या पायरीवरच सुपरऑक्साइड हे रॅडिकल आणि पेरॉक्साइड मोडून काढतात, आणि लोह प्रथिनांमध्ये बांधून ठेवलं जातं. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं कार्य १९६९ मध्ये दाखवलं, तेव्हापासून हे चित्र आपल्यासमोर आहे.

पॉलिफेनॉल शरीरात काहीच करत नाहीत असा याचा अर्थ नाही. त्यांतले बरेच एनआरएफ-२ नावाच्या मार्गाला चालना देतात आणि त्यातून पेशीची स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढतात. पण ते असं करतात ते बहुधा सौम्य ताण देऊन: त्यांचं ऑक्सिडीकरण होऊन बनलेले क्रियाशील रेणू कीप-१ या प्रथिनाला चिकटतात आणि पेशी सावध होते. म्हणजे लाभ झालाच, तर तो रॅडिकल पकडल्यामुळे नसून पेशीला किंचित डिवचल्यामुळे असण्याची शक्यता जास्त. डीपीपीएचचा आकडा याबद्दल काहीही सांगू शकत नाही.

शिवाय रॅडिकल म्हणजे शत्रू, हे समीकरणच चूक आहे. रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी जिवाणू मारण्यासाठी मुद्दाम सुपरऑक्साइड तयार करतात. ज्या मुलांमध्ये जन्मतः ही क्षमता नसते त्यांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो आणि ती वारंवार गंभीर संसर्गांनी आजारी पडतात. व्यायामात स्नायूंत तयार होणारी रॅडिकल्स शरीराला निरोप देतात. रिस्टो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. ज्यांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं, त्यांच्यात व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही. ज्यांना दिलं नाही त्यांच्यात सुधारला.

आणि माणसांवरच्या मोठ्या चाचण्या? त्यांचे निकाल तीस वर्षं आपल्यासमोर पडले आहेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या एटीबीसी चाचणीत ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. हा निकाल १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत १८,३१४ जणांवर चाललेली कॅरेट चाचणी जानेवारी १९९६ मध्ये वेळेआधी थांबवावी लागली, कारण बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के जास्त आणि मृत्यू १७ टक्के जास्त होते. ३५,००० हून अधिक पुरुषांवरच्या सिलेक्ट चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. या चाचण्यांत सामील झालेली माणसं आपलं भलं होईल या विश्वासाने गोळ्या घेत होती. बीटा-कॅरोटीन हा कागदावर चांगला अँटिऑक्सिडंटच होता.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. त्या चाचण्या एकेकट्या, वेगळ्या काढलेल्या जीवनसत्त्वांच्या होत्या. वनस्पतीचा अर्क म्हणजे शेकडो घटकांचं मिश्रण, ते एकमेकांना सांभाळून घेतात, त्याला हा न्याय लावू नका. या म्हणण्यात तथ्य असू शकेल. मिश्रणाचा परिणाम सुट्या घटकांच्या बेरजेपेक्षा वेगळा असल्याची उदाहरणं औषधशास्त्रात आहेत. पण मग हा आक्षेप सर्वांत आधी डीपीपीएचलाच लागू होतो. शेकडो घटकांची वेगवेगळी कामं जर महत्त्वाची असतील, तर त्या सगळ्यांना एकाच मापात दाबून ‘इतके मिलिग्रॅम गॅलिक आम्लाइतकं’ असा एक आकडा काढण्याने तर ती सगळी विविधता पुसली जाते. मिश्रणाचं मोठेपण सांगायचं आणि मोजताना सगळं एका आकड्यात गुंडाळायचं, हे दोन्ही एकदम करता येणार नाही.

वनस्पतीतून औषध कसं सापडतं याचं अलीकडचं सर्वांत मोठं उदाहरण आर्टेमिसिनिनचं. तू युयू यांच्या गटाने मलेरियावरच्या जुन्या चिनी नोंदी चाळल्या. ‘छिंगहाव’ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस प्यावा असं एका जुन्या ग्रंथात होतं. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण जात असावा असा तर्क करून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला, आणि १९७१ मध्ये तो उंदरांमधल्या मलेरियावर पूर्ण प्रभावी ठरला. पुढच्याच वर्षी शुद्ध रेणू हाती आला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता हा रेणू काम कसा करतो ते पाहा. त्याच्यात ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक पूल आहे. मलेरियाच्या परजीवीत लोहाचा साठा असतो. लोहाशी गाठ पडली की तो पूल तुटतो, रॅडिकल्स तयार होतात आणि परजीवी मरतो. म्हणजे गेल्या अर्धशतकातलं सर्वांत गाजलेलं वनस्पतिजन्य औषध रॅडिकल तयार करून माणसं वाचवतं. इलेक्ट्रॉन देणारे रेणू शोधणाऱ्या डीपीपीएचच्या नळीत हा पूल दिसलाच नसता. तो सापडला, कारण अर्क परजीवीसमोर ठेवून पाहिला गेला.

अँटिऑक्सिडंट मोजणं खरोखर उपयोगी पडतं अशा जागा आहेत, आणि त्या मी मानतो. तेल खवट होतं ते ऑक्सिडीकरणाच्या साखळीमुळे. रोझमेरीच्या अर्कातले कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल ही साखळी तोडतात, आणि युरोपात हा अर्क ई-३९२ या क्रमांकाने अन्नरक्षक म्हणून मान्य आहे. तिथे दावा तेलाबद्दल आहे, चाचणी तेलातच होते, आणि पेरॉक्साइड मूल्य मोजून खरंखोटं होतं. चहातलं एकूण पॉलिफेनॉल फोलिन पद्धतीने मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. एकच माल, एकच पद्धत, या खेपेचा त्या खेपेशी ताळा, यासाठी ते उत्तम. अर्क साठवणुकीत बिघडला का, पानं वाळवताना जास्त तापली का, हे कळायलाही असा आकडा कामी येतो. यांतल्या एकाही वापरात माणसाच्या यकृताबद्दल किंवा हृदयाबद्दल बोललेलं नाही.

मग नळीतल्या आकड्यावरून आरोग्याच्या दाव्यावर मारलेली ही उडी थांबत का नाही? चाचणी स्वस्त आहे, यंत्र सगळीकडे आहे, आणि उत्तर जवळजवळ नेहमीच होकारार्थी येतं. हे शेवटचं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हिरव्या वनस्पतीला दिवसभर उन्हात ऑक्सिजन तयार करायचा असतो, त्यामुळे फिनॉल, क जीवनसत्त्व, कॅरोटीन यांशिवाय तिला जगताच येत नाही. जवळपास कोणतंही पान घ्या, वाटा, मेथॅनॉलमध्ये भिजवा, जांभळा रंग कमीअधिक उतरणारच. ज्या परीक्षेत सहसा कोणी नापास होत नाही, तिच्यात पास झाल्याने कुठल्या वनस्पतीकडे लक्ष द्यावं हे कळत नाही. शिवाय ही परीक्षा सहज फसवता येते. अर्कात चिमूटभर क जीवनसत्त्व मिसळलं की आकडा सुधारतो. बाटलीत कुठली वनस्पती आहे, ती आहे तरी का, हे रंग सांगू शकत नाही. अशा परीक्षेवर विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षं खर्च होतात. ही मुलं मनापासून राबतात. पानं गोळा करतात, वाळवतात, रात्री थांबून अर्क काढायचं सॉक्सलेट उपकरण चालवतात. त्यांच्या हाती पडतो तो आणखी एक आयसी-५०, जो पुढे कोणी वापरत नाही. याची जबाबदारी त्यांच्यावर नाही. विषय मंजूर करणाऱ्यांवर आहे.

थोडं पुढे जायची साधनं आजही आवाक्यात आहेत. अर्क एचपीटीएलसीच्या, म्हणजे घटक पट्ट्यापट्ट्यांत वेगळे करणाऱ्या, प्लेटवर चालवून तिच्यावर डीपीपीएच फवारलं, तर जांभळ्या पार्श्वभूमीवर पिवळे पट्टे उठतात. कुठल्या पट्ट्यात क्रिया आहे ते डोळ्यांना दिसतं, तेवढा पट्टा खरवडून रेणू ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला देता येतो. द्रावणातले घटक एकेक करून वेगळे करणाऱ्या एचपीएलसीच्या पुढे डीपीपीएचची धार जोडूनही हेच साधतं: इकडे घटकाचं शिखर, तिकडे त्याच क्षणी रंगाचा खड्डा. एवढ्याने औषध सापडत नाही, पण ‘अर्क’ या धूसर नावाच्या जागी नाव असलेला रेणू येतो. तो किती आहे, आतड्यातून आत जातो का, कोणत्या रूपात फिरतो, हे पुढचे प्रश्न त्यानंतरच विचारता येतात. पेशींवर तपासायचं तर आणखी सावधगिरी लागते, कारण पॉलिफेनॉल पेशीसंवर्धनाच्या माध्यमातच ऑक्सिजनशी क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात. पेशी मेल्या की ‘अर्क कर्करोगविरोधी’ असं लिहिलं जातं, आणि त्या कदाचित नुसत्या पेरॉक्साइडने मेलेल्या असतात.

घटक निश्चित असले की काय फरक पडतो याचा एक दाखला गिंकोचा आहे. त्याच्या प्रमाणित अर्कात फ्लेव्होनॉइड ग्लायकोसाइड सुमारे २४ टक्के, टर्पीन लॅक्टोन सुमारे ६ टक्के आणि अपायकारक गिंकोलिक आम्लं दशलक्षात ५ भागांपेक्षा कमी असं ठरलेलं आहे. म्हणूनच ३,०६९ वृद्धांना तो रोज २४० मिलिग्रॅम देऊन सुमारे सहा वर्षं पाहता आलं, आणि २००८ मध्ये उत्तर मिळालं: स्मृतिभ्रंश टळत नाही. उत्तर निराश करणारं होतं, पण ते उत्तर होतं. अर्कात काय आहे हे माहीतच नसतं, तर तो नकार कशाला लागू होतो हेही कळलं नसतं.

नियम करणाऱ्यांपुढे नमुने आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांची (नळीतल्याच आणखी एका अँटिऑक्सिडंट चाचणीच्या आकड्यांची) यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. या मूल्यांचा मानवी आरोग्यावरच्या परिणामाशी संबंध दिसत नाही आणि उत्पादक त्यांचा गैरवापर करतात, अशी कारणं त्यांनी दिली. त्याच देशात लेबलवर ‘अँटिऑक्सिडंटने समृद्ध’ लिहायचं तर ज्याची दैनंदिन गरज ठरलेली आहे अशा पोषकाचं नाव द्यावं लागतं. नुसता ‘वनस्पतीचा अर्क’ चालत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अँटिऑक्सिडंटचे आरोग्यदावे मोठ्या संख्येने नाकारले आणि २०११ मध्ये ऑलिव्ह तेलाच्या पॉलिफेनॉलचा एक दावा मान्य केला. तो मान्य होताना रेणूचं नाव होतं, हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि त्याची संयुगं. रोजची मात्रा होती, ५ मिलिग्रॅम. आणि परिणाम होता, रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएल कणांचं ऑक्सिडीकरणापासून रक्षण, जो माणसांच्या रक्तात मोजलेला होता. एवढं आणलं तर दरवाजा उघडतो.

मात्रेचा मुद्दा तर थेट सुरक्षेचा आहे. आकडा मोठा तितका गुण मोठा, असं लोकांच्या मनात बसलं की अर्क दाट होत जातो. ग्रीन टी पिण्यात सहसा धोका नाही, पण त्याच्या दाट अर्काच्या गोळ्यांमधून ईजीसीजी हे त्यातलं मुख्य पॉलिफेनॉल दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर यकृताला इजा झाल्याची खूण देणारी एन्झाइम्स रक्तात वाढतात, असं त्याच युरोपीय प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवलं. डीपीपीएचच्या कसोटीवर ईजीसीजी अव्वल नंबरात येतं. म्हणून लेबलवर आकडा छापायचाच असेल तर तो रेणूच्या नावाने आणि मिलिग्रॅममध्ये छापावा, शेजारी रोजची कमाल मात्रा असावी, आणि रंगाच्या चाचणीचा निकाल उत्पादकाच्या गुणनियंत्रण विभागाच्या नोंदवहीतच राहावा.